मेहकरची शीळ

शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला निघालेला यात्रेकरू शेगाव किंवा खामगावकडून आला, तर मेहकरवरून मालेगावकडे जाणारा मार्ग त्याला सोयीचा पडतो. मेहकरात तो चहापुरता थांबतो, फार तर शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती पाहतो आणि पुन्हा वाहनात बसतो. वाशीम जिल्ह्यातील तीर्थ वेळेवर गाठायचे असते. त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव त्याच्या लेखी वाटेवरचा एक थांबा एवढेच राहते. परंतु ज्यांच्या घरी मराठी भावगीत ऐकले गेले आहे, त्यांनी येथे घटकाभर अधिक रेंगाळावे असे एक कारण आहे. मराठी भावगीताचा आरंभ ज्या ध्वनिमुद्रिकेपासून मानला जातो, तिचे शब्द याच गावातील एका वकिलाचे आहेत. त्या शब्दांना चाल देऊन ते गाणारा तरुणही विदर्भातच वाढलेला, वयाने त्याच्या बरोबरीचा आणि योगायोगाने वकिलीचीच परीक्षा उत्तीर्ण झालेला.

कवीचे नाव नागोराव घनश्याम देशपांडे, म्हणजेच ना. घ. देशपांडे. गायक आणि संगीतकाराचे नाव गोविंद नारायण जोशी, म्हणजेच जी. एन. जोशी. दोघांचाही जन्म १९०९ सालचा. एकाने वकिली करीत आयुष्यभर मेहकर सोडले नाही. दुसऱ्याने वकिली सोडली, मुंबईची वाट धरली आणि अनेक थोर कलावंतांचे गाणे पुढच्या पिढ्यांसाठी जतन करून ठेवले. घरातील मुलाने पेढीवर बसावे की मनाजोगे काही करावे, हा प्रश्न ज्या कुटुंबांत प्रत्येक पिढीला नव्याने पडतो, त्यांनी या दोघांची हकिकत मुद्दाम जाणून घ्यावी.

कापसाच्या पेठेतून बालाघाटावर

या प्रदेशात शिरण्याचे जुने दार म्हणजे खामगाव. भुसावळ-नागपूर लोहमार्गावरील जलंब स्थानकापासून खामगावपर्यंतचा सुमारे १३ किलोमीटरचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. एवढ्याशा फाट्याला एवढा मान मिळाला तो कापसामुळे. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कच्चा माल तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतील कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. पाठोपाठ राजस्थान आणि गुजरातेतून आलेल्या व्यापारी घराण्यांनी येथे अडतीची दुकाने मांडली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, सरकी वेगळी झाली, गाठी बांधल्या गेल्या आणि रेल्वेने मुंबई बंदराकडे रवाना झाल्या. त्या घराण्यांत जैन कुटुंबेही होती. खामगावची दुसरी ख्याती चांदीची. येथील चांदीच्या शुद्धतेवरचा विश्वास इतका की या शहराला रजतनगरी म्हणण्याची रीत पडली.

खामगाव पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे जुन्या वऱ्हाडी परिभाषेत पायनघाटात वसलेले आहे. तेथून दक्षिणेकडे जाणारा रस्ता अजिंठ्याच्या डोंगररांगांतून वर चढतो आणि बालाघाटाच्या पठारावर येतो. शेगावहून पंढरपूरकडे जाणाऱ्या वारकऱ्यांचा हाच मार्ग. जानेफळ मागे पडते आणि मेहकर येते. पायनघाटातील सपाट, गर्द काळी शेते मागे राहतात. पठारावर जमीन उंचसखल होते, मधूनमधून मुरमाड टेकाडे, ओढे, पळसाची आणि बाभळीची झाडे दिसू लागतात. शेत संपते तेथे रान सुरू होते आणि दोहोंमधून पायवाट जाते. अशा मोकळ्या पठारावर, वारा पडलेला असताना, एखाद्या गुराख्याने घातलेली शीळ किती दूर जाते हे येथील माणसाला सांगावे लागत नाही.

मेहकर आणि त्याचा कवी

मेहकर पैनगंगेच्या काठी आहे. बुलढाणा जिल्ह्यातील अजिंठ्याच्या रांगांत उगम पावणारी ही नदी येथे अजून लहान आहे. मोगल अमदानीत मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठिकाण होते आणि एकेकाळी येथील विणकरांच्या मालाला दूरवर मागणी होती. १८८८ मध्ये येथे जमिनीखालून शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातील मूर्ती निघाली. तिची उंची आणि तिच्यावरील बारीक कोरीवकाम पाहिले की या गावाने कधीकाळी पाहिलेल्या वैभवाची कल्पना येते.

गावात कंचनीचा महाल म्हणून ओळखली जाणारी एक भग्न वास्तू आहे. कंचनी ही नर्तकी होती आणि तिला या महालाच्या माथ्यावरून लोणारच्या कमळजादेवीचा दिवा पाहायचा होता, अशी लोककथा आहे. लोणारचे सरोवर येथून जवळच, २०-२५ किलोमीटरांवर. उंचावरून दूरचा दिवा पाहण्याची एका कलावतीची ओढ आणि त्या ओढीची पडझड झालेली खूण, एवढे या कथेचे सार. ना. घ. देशपांडे यांनी या महालावर कविता लिहिली आणि आपल्या उत्तरायुष्यातील एका संग्रहालाही त्याचेच नाव दिले.

देशपांडे यांनी बी. ए., एलएल. बी. झाल्यानंतर मेहकरातच वकिली सुरू केली. तालुक्याच्या गावातील वकिली म्हणजे काय, हे व्यापारी वाचकाला ठाऊक असते. बांधाची भांडणे, वाटणीपत्रे, कर्जरोखे, कुळांचे तंटे. सकाळी पक्षकार ओसरीवर येऊन बसायचे, दुपारी कचेरी आणि संध्याकाळी पुन्हा कागद. या कामाने माणसाचे मन कोरडे पडते अशी समजूत आहे. देशपांडे यांच्या बाबतीत ती खोटी ठरली. आसपासच्या खेड्यांतील माणसे, त्यांची बोली आणि त्यांचे ऋतू रोज समोर येत राहिले आणि कवितेत उतरत राहिले. पुण्या-मुंबईच्या साहित्यिक वर्तुळांपासून ते दूर होते. त्यांनी लिहिलेही बेताचे. ‘शीळ’ हा त्यांचा पहिला संग्रह १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय ४५ होते. ‘अभिसार’ १९६३ मध्ये आला आणि ‘खूणगाठी’ त्यानंतर बावीस वर्षांनी, १९८५ मध्ये. ‘खूणगाठी’ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २००० साली, वयाच्या नव्वदीत, त्यांचे निधन झाले.

या तारखांत एक नवलाची गोष्ट आहे. ‘शीळ’ हे पुस्तक १९५४ चे, परंतु ‘शीळ’ ही कविता त्याच्या सुमारे वीस वर्षे आधीच महाराष्ट्रात ऐकली जाऊ लागली होती. कवीचे पुस्तक ज्यांनी हातात धरले नव्हते, ज्यांना अक्षरओळखही नव्हती, अशा माणसांनाही ती मुखोद्गत झाली होती. तिला तेथवर पोहोचवले जी. एन. जोशी यांनी.

तीन मिनिटांचे गाणे

‘शीळ’मध्ये रानातून ऐकू येणाऱ्या शिळेने अस्वस्थ झालेल्या एका खेड्यातील मुलीचे मनोगत आहे. बोली साधी, शब्द रोजचे आणि भाव मर्यादशील. १९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत जोशी यांनी तिला स्वतः चाल बांधली आणि हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीच्या ध्वनिमुद्रिकेसाठी ती गाइली.

त्या काळापर्यंत घरातील फोनोवर वाजणाऱ्या मराठी तबकड्या बहुतेक नाट्यपदांच्या असत. नाट्यपदात शब्द हे बहुधा निमित्त असते. गायक त्यावर ताना-आलापांचा विस्तार करतो आणि श्रोता त्या विस्ताराला दाद देतो. जोशी यांनी येथे उलट वाट धरली. त्यांनी शास्त्रीय संगीताचा पाया सोडला नाही, मात्र सुरांनी शब्दाच्या पुढे जाऊ नये याची काळजी घेतली. कवितेचा अर्थ ऐकणाऱ्याला कळला पाहिजे आणि तिच्यातील भाव सुरांतून वाढला पाहिजे, हे या नव्या प्रकाराचे सूत्र होते. पुढे यालाच भावगीत म्हणू लागले. जे. एल. रानडे हे त्याच काळातील, तर गजानन वाटवे नंतरचे. त्यांनी आणि त्यांच्या मागून आलेल्या अनेकांनी हा प्रकार घरोघर नेला. देशपांडे यांच्या कवितांनाही पुढे राम फाटक यांच्यासारख्या संगीतकारांनी चाली दिल्या.

या बदलाला ध्वनिमुद्रिकेचे तंत्रही कारणीभूत होते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. मूळ मुद्रण मेणाच्या तबकडीवर होई. एकदा सुई खाली आली की गाणे सलग गावे लागे. चूक झाली तर ते मेण बाद करून पहिल्यापासून पुन्हा गाणे, एवढाच उपाय होता. मेणावरून धातूचे साचे बनत आणि त्या साच्यांतून कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात तबकड्या छापल्या जात. तीन मिनिटांत आलापाचा पसारा मांडता येत नाही, पण चार-पाच कडव्यांची कविता मात्र नेमकी बसते. मोजक्या जागेत पूर्ण गोष्ट सांगण्याची ही शिस्त भावगीताला तबकडीने शिकवली.

जैन वाचकाच्या मनात येथे आणखी एक विचार येईल. या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असत. लाख, दगडाची बारीक पूड, काजळी आणि बळकटीसाठी कापसाचे बारीक तंतू यांच्या मिश्रणातून त्या बनत. लाख हा कीटकजन्य पदार्थ. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याचा स्पष्ट उल्लेख आहे आणि अनेक व्यापारी घराण्यांनी हा धंदा कटाक्षाने दूर ठेवला. आपल्या दिवाणखान्यात स्तवनाची किंवा भावगीताची जी तबकडी फिरते आहे ती त्याच लाखेची आहे, हे मात्र त्यांतल्या किती जणांच्या ध्यानात आले असेल? पुढे लाखेऐवजी व्हिनाइल आले आणि हा प्रश्न आपोआप मिटला. वस्तू कशापासून बनते हे विचारण्याची सवय मात्र जुनी आणि चांगली आहे. ती आजच्या वस्तूंच्या बाबतीतही ठेवण्यासारखी आहे.

भावगीताने कौटुंबिक जीवनातही एक गोष्ट घडवली. नाटकाला जाणे किंवा गाण्याच्या बैठकीला बसणे हे त्या काळी अनेक घरांतील स्त्रियांना शक्य नव्हते. गाणे शिकायला गुरूकडे जाणे तर दूरच. एका सुशिक्षित तरुणाने गायलेली मराठी कविता मात्र आजी, सून आणि नात एकत्र बसून ऐकू शकत होत्या. तबकडी पुन्हा पुन्हा लावून चाल गळ्यावर चढवता येत होती. किल्ली द्यायची, सुई बदलायची आणि तेच कडवे पुन्हा ऐकायचे. फी न घेणारा आणि कधीही न कंटाळणारा असा शिक्षक त्या पेटीतून घरात आला होता.

दुसऱ्यांचा आवाज जपणारा

जोशी यांनी काही काळ वकिली केली. गाणेही चालू होते. गंगूबाई हनगल त्या वेळी गांधारी हनगल या नावाने ध्वनिमुद्रिका देत होत्या. त्यांच्याबरोबर जोशी यांनी मराठी द्वंद्वगीतेही गायली. १९३८ मध्ये त्यांनी निर्णय घेतला. वकिली सोडून ते हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीच्या मुंबई कार्यालयात ध्वनिमुद्रणाचे अधिकारी म्हणून रुजू झाले.

त्या काळात सनद असलेल्या तरुणाने असा निर्णय घेणे किती अवघड होते, याची कल्पना आज करणे कठीण आहे. वकिली हा प्रतिष्ठेचा आणि स्वतंत्र व्यवसाय. गाणे ही हौस म्हणून शोभणारी, पण पोटासाठी करायची म्हटली की लोकांच्या भुवया उंचावणारी गोष्ट. त्यातून जोशी यांनी पत्करलेली नोकरी गाण्याची नव्हतीच, ती दुसऱ्यांकडून गाऊन घेण्याची होती. कलावंत निवडणे, त्याला राजी करणे, राग आणि चीज ठरवणे, त्याचा आवाज ज्या दिवशी लागेल तो दिवस साधणे आणि मुद्रण निर्दोष झाले की नाही ते कान देऊन तपासणे, असे हे काम. मनस्वी कलावंताला ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या मिनिटांत गायला बसवणे म्हणजे अडतीच्या दुकानातील सर्वांत कठीण सौदा जुळवण्यासारखेच. त्यात गोडी, धीर आणि माणसाची पारख हे तिन्ही गुण लागतात.

पुढची तीसहून अधिक वर्षे जोशी हे काम करीत राहिले. उस्ताद बडे गुलाम अली खाँ, उस्ताद अमीर खाँ, उस्ताद बिस्मिल्ला खाँ अशा कलावंतांच्या ध्वनिमुद्रणांमागे त्यांचे परिश्रम आहेत. तीन मिनिटांची मर्यादा जाऊन दीर्घ ध्वनिमुद्रिका आल्यावर एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणे मावू लागले आणि रागाला पुन्हा ऐसपैस जागा मिळाली. अमीर खाँ यांचे मारवा आणि दरबारी आज घरबसल्या ऐकता येतात, ते या नव्या तबकडीमुळे.

१९६७ मध्ये जोशी यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेची निर्मिती केली. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला. तिघेही वादक तेव्हा तरुण होते आणि मैफलीत संतूर व गिटार ही वाद्ये अजून आपले स्थान शोधत होती. काश्मीरच्या दरीतील एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस, ही या वादनामागची कल्पना. अहीर भैरवापासून पहाडीपर्यंत रागांची मांडणीही दिवसाच्या प्रहरांना धरून केलेली. ही ध्वनिमुद्रिका देशात तर गाजलीच, परदेशांतही ती असंख्य श्रोत्यांची भारतीय संगीताशी झालेली पहिली ओळख ठरली. मेहकरच्या रानातील शिळेला चाल देणाऱ्या संगीतकाराला तीन दशकांनंतर पुन्हा डोंगरातला गुराखीच सुचावा, यात त्याच्या मनाचा कल दिसतो.

या आठवणी जोशी यांनी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या मराठी पुस्तकात आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डाउन मेलडी लेन’ या इंग्रजी ग्रंथात लिहून ठेवल्या. त्यांत स्वतःच्या गाण्यापेक्षा इतरांच्या गाण्याचाच विस्तार अधिक आहे. १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले.

कारंज्याची पोथी आणि दमदमची तबकडी

जोशी यांच्या कामाचे मोल जैन परंपरेतील माणसाला चटकन समजावे, कारण जतन करणे म्हणजे काय हे त्या परंपरेने जाणले आहे. मेहकरपासून फार दूर नसलेल्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथे दिगंबर जैन शास्त्रभांडारांत अपभ्रंश भाषेतील दुर्मीळ हस्तलिखिते शतकानुशतके सांभाळली गेली. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात अध्यापन करणारे डॉ. हिरालाल जैन यांच्या पुढाकाराने १९३१ पासून कारंजा जैन ग्रंथमालेत त्यांतील ग्रंथ छापले जाऊ लागले. पुष्पदंतांचे जसहरचरिउ आणि णायकुमारचरिउ, कनकामर मुनींचे करकंडचरिउ हे ग्रंथ त्या मालेतून अभ्यासकांच्या हाती आले. वर्षे जुळवून पाहावीत. कारंज्याच्या पोथ्या छापखान्यात जात होत्या, त्याच सुमारास मेहकरची कविता मेणाच्या तबकडीवर कोरली जात होती.

पोथीत शब्द टिकतात, चाल मात्र टिकत नाही. मध्ययुगीन श्वेतांबर साधुकवींनी जुन्या गुजराती आणि राजस्थानी भाषांत रचलेले रास पाहावेत. त्यांच्या ढाळींच्या आरंभी ‘देशी’ नोंदवलेली असते, म्हणजे ही ढाळ अमुक लोकप्रिय गीताच्या चालीवर म्हणावी अशी सूचना. मोहनलाल दलीचंद देसाई यांनी ‘जैन गूर्जर कविओ’ या आपल्या बृहद्ग्रंथात अशा देशींची मोठी सूची दिली आहे. त्या सूचीतील गीते एकेकाळी सर्वांच्या ओठांवर होती, म्हणून तर कवीला नुसती नावे लिहून भागले. आज त्यांतील कितीतरी गीतांची केवळ नावे उरली आहेत. चाल कशी होती ते सांगणारा कोणी नाही, कारण ती केवळ गळ्यात होती आणि गळ्याबरोबर गेली. देरासरात आजी ज्या चालीवर स्तवन म्हणते ती चाल नातीने उचलली नाही, तर आजही हेच घडते.

ध्वनिमुद्रिकेने ही हानी थांबवण्याचे साधन दिले. पण साधन असून भागत नाही. कोणाचा आवाज जपायचा हे ओळखणारा आणि त्यासाठी धडपडणारा माणूस लागतो. ज्ञानभांडारातील पोथीच्या शेवटी पुष्पिका असते. तीत लिपिकार आपले नाव, तिथी आणि गाव नोंदवतो, वाकलेल्या मानेची आणि शिणलेल्या डोळ्यांची आठवण देतो आणि ग्रंथ यत्नाने सांभाळा अशी विनंती करतो. ग्रंथकर्त्याची कीर्ती त्याच्या वाट्याला येत नाही, पण तो नसता तर ग्रंथकर्ताही उरला नसता. जी. एन. जोशी यांनी आपल्या आयुष्यातील मोठा काळ असा लिपिकार होऊन घालवला.

दोन वाटांचा हिशेब

व्यापारी घरात हिशेब मांडल्याशिवाय समाधान होत नाही. दोघांचा हिशेब कसा मांडावा? देशपांडे यांनी व्यवसाय सोडला नाही, गाव सोडले नाही आणि मोजकेच लिहिले. त्यांची कविता गावावर आणि रानावर वाढली. ते मेहकर सोडून गेले असते तर कंचनीचा महाल आणि रानातील शीळ त्यांच्या लेखणीत उतरली असती का, असा प्रश्न पडतो. जोशी यांनी व्यवसाय सोडला, गाव सोडले आणि पुढे स्वतःच्या गळ्यापेक्षा इतरांच्या गळ्याला अधिक वेळ दिला. ते वकिलीतच राहिले असते तर काही खटले जिंकले असते, पण अनेक आवाजांची आज ऐकू येणारी नोंद कदाचित राहिली नसती.

दोघांत एक गोष्ट समान आहे आणि ती घरातील वडीलधाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. दोघांनीही आधी शिक्षण पूर्ण केले आणि पोटापाण्याचे साधन हाती घेतले. त्यानंतर एकाने त्या साधनाच्या आधाराने कला सांभाळली, तर दुसऱ्याने कलेसाठी ते साधन बाजूला ठेवले. राहणाऱ्याने जाणाऱ्याला वेडे म्हटले नाही, जाणाऱ्याने राहणाऱ्याला भित्रा म्हटले नाही. राहिलेल्याची कविता आणि गेलेल्याची चाल मिळूनच ते गाणे झाले. पेढी सांभाळणारा भाऊ आणि संगीत, चित्र किंवा विज्ञान यांच्या मागे घराबाहेर पडलेला भाऊ, दोघांनाही घरात सारखाच मान मिळाला, तर घराचे नुकसान होत नाही, हे या जोडीने दाखवून दिले आहे.

आता समृद्धी महामार्गाने मेहकर नागपूर आणि मुंबईच्या अधिक जवळ आले आहे. गाडी न थांबवता पुढे जाणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. तरीही शिरपूरच्या यात्रेकरूने गावात उतरावे, शारंगधराच्या मूर्तीची घडण पाहावी, कंचनीच्या महालाच्या पडक्या भिंतींपाशी जावे आणि शक्य असेल तर संध्याकाळ लोणारच्या सरोवराकाठी घालवावी. जुन्या तबकडीवरील जोशी यांचा आवाज आता सहज मिळतो. ‘शीळ’ तेथेच ऐकावी, घरातील मुलांना सोबत घेऊन. गाणे संपल्यावर त्यांना दोन्ही नावे सांगावीत, कवीचे आणि गायकाचे. आणि घरी परतल्यावर आजीच्या स्तवनाची चाल जमेल तशी ध्वनिमुद्रित करून ठेवावी. त्यासाठी आज मेण लागत नाही, लाख लागत नाही. आजीच्या शेजारी बसण्याइतका निवांतपणा तेवढा लागतो.